पवनेत न सोडलेले चौदा मासे

मी एक जुनी काचपेटी आहे, माशांची. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे, लोखंडी चौकटीचा रंग उडाला आहे, तरीही मी कोणापुढे मान खाली घालून बोलणार नाही. मित्रांनो, माझी हकिकत ऐकून तुम्हाला माझी कीव येणार असेल, तर आधीच सांगते, ती करू नका. ऐका मात्र नीट.

माझा जन्म १९५५ साली दापोडीच्या एका छोट्या वर्कशॉपात झाला. ज्योतीराम नावाचे कारागीर तिथे खिडक्यांच्या लोखंडी चौकटी करत. माशांची पेटी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "पाणी बाहेर ठेवण्यात जन्म गेला, आता म्हणे पाणी आत ठेवा," असे पुटपुटत त्यांनी माझ्या चारही अंगांना काच बसवली आणि सांध्यांत लांबीचा चिकट लगदा भरला. पहिल्यांदा पाणी ओतले तेव्हा मी तीन ठिकाणी गळले. दुसऱ्यांदा एका ठिकाणी. तिसऱ्यांदा ते सकाळपासून दुपारपर्यंत माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले. थेंब पडला नाही. तेव्हा त्यांनी मला एक थाप दिली आणि जेवायला गेले. तेवढेच माझे बारसे.

पिंपरीला तेव्हा नवा कारखाना उभा राहिला होता. त्याच्या बंगल्यांपैकी एकात नानासाहेब नावाचे अधिकारी राहत. मी त्यांच्या दिवाणखान्यात गेले. त्यांनी मुंबईहून चौदा सोनमासे आणले. कलकत्त्याच्या एका मित्राने पाण्यावर तरंगणारे एक रोपही पाठवले. त्याचे देठ फुगीर, पाने तुकतुकीत आणि फूल जांभळे. नानासाहेबांच्या पत्नी सुमनताई त्याला 'आमचं बंगाली फूल' म्हणत. आलेला प्रत्येक पाहुणा आधी माझ्याजवळ येई आणि मगच खुर्चीत बसे. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

माझी खरी देखभाल मात्र सरुबाई करत. त्या बंगल्यात धुण्याभांड्याला येत. चिंचवडच्या नदीकाठचे भोई कुटुंब त्यांचे, नवरा बिरू पवनेत जाळे टाकी. दर आठ दिवसांनी रबरी नळीने त्या माझे पाणी काढत, नवे भरत, आणि वाढलेल्या रोपाची मूठभर पाने खुडून मागच्या फरशीवर वाळत टाकत.

"गटारात टाक की गं, सरुबाई," सुमनताई म्हणत.

"असूं द्या ताई, हितंच बरं," एवढेच त्या बोलत.

अशी तीन वर्षे गेली. मग नानासाहेबांची दिल्लीला बदली झाली. घरात पेट्या भरणे सुरू झाले, आणि मी कोणाच्या लक्षात राहिले नाही. सरुबाईंना भांडी बांधण्याच्या कामाला लावले होते. दोन आठवडे पाणी बदलले नाही. काचेवर शेवाळ चढले. बंगाली फुलाने सगळा पृष्ठभाग झाकला, आणि पाच माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. ज्यांनी माझ्यापुढे उभे राहून कौतुक केले होते, ते आता मला वळसा घालून जात.

निघायच्या दिवशी सकाळी नानासाहेबांनी गाडीवान सोनबाला बोलावले. "मासे आणि ते फूल पवनेत सोडून ये. पेटी भंगारात दे."

सोनबाने बादली उचलली. सरुबाईंनी हातातला झाडू खाली ठेवला आणि त्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, ह्ये नदीत न्हाई जाणार."

सुमनताईंना वाईट वाटले. "अगं, आपण मुक्या जिवांना मोकळं करतोय. पुण्याचंच काम आहे."

"ताई, तुमचं मन चांगलं हाय, त्ये म्या वळखते. पर माझं माहेर चाकणकडं. माझा बाप भिमाजी तिथल्या तळ्यात मासं धरायचा. कुणी तरी असलंच फूल तळ्यात टाकलं, छान दिसतंय म्हणून. दुसऱ्या साली पाणी दिसंना. जाळं टाकावं तर त्या केंदाळातच अडकायचं. खालचं पाणी नासलं, मासं वर येऊन तोंडं उघडून मेलं. बापानं जाळं आढ्याला टांगलं आन् सडकंवर खडी फोडाया गेला. मरंस्तवर त्यानं पुन्हा त्या जाळ्याला हात लावला न्हाई."

"एवढ्याशा फुलानं नदी भरते होय?" नानासाहेब हसले.

"तळंबी एवढ्याशानंच भरलं, साहेब."

"बरं, फूल राहू दे. मासे तर सोडता येतील?"

"ह्ये ह्या नदीचं न्हाईत. आन् ह्यांच्या अंगावर पांढरं फुटलंय. आमच्या माशांना त्ये लागलं, तर आमी काय खावं?"

नानासाहेबांचा चेहरा बदलला. त्यांना कोणी नाही म्हणत नसे. "सरू, इथं येणाऱ्या नव्या साहेबांना कामासाठी तुझं नाव सांगणार होतो मी. आता सांगायचं की नाही, ते तूच ठरव."

सरुबाईंनी पदर खोचला. "नका सांगू," त्या म्हणाल्या. "पर दारातनं म्या हलणार न्हाई."

मित्रांनो, मी काचेची. मला ओरडता आले असते तर मी त्या क्षणी ओरडले असते. पण बोलला तो सोनबा. त्याने बादली जमिनीवर टेकवली आणि म्हणाला, "साहेब, माझी म्हस बी त्याच नदीचं पाणी पिती. म्या बी न्हाई नेणार."

नानासाहेबांनी घड्याळ पाहिले. दिल्लीच्या गाडीची वेळ होत आली होती. "मग घेऊन जा सगळं तुमच्या घरी," असे म्हणून ते आत गेले.

अशी मी बैलगाडीतून चिंचवडला आले. बिरूने मला पाहिले आणि कपाळावर हात मारला. "मासं धरून आपलं प्वाट चालतं. आन् तू मासं जगवाया आणलीस?"

"धराया नदीत मासं ऱ्हायला पायजेत, म्हणून आणलं," सरुबाई म्हणाल्या. "काम गेलंय माझं. काय बोलायचं त्ये आजच बोल."

बिरू मागच्या परड्यात गेला. गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी त्यानेच घासून आणली.

आजारी पाच मासे डोणीत वेगळे ठेवले. सरुबाई पाण्यात बेताने मीठ घालत आणि काढलेले पाणी नदीपासून दूर, लिंबाच्या आळ्यात ओतत. बंगाली फूल त्यांनी मुळासकट काढून खडकावर पसरले. वैशाखाच्या उन्हात ते कुरकुरीत झाल्यावर चुलीत घातले, एक पानही शिल्लक ठेवले नाही. आळीतल्या बायका हसल्या. मी हसणाऱ्या प्रत्येकीकडे रोखून पाहिले.

तीन मासे वाचले नाहीत. त्यांना परड्यात खोल पुरले. उरले अकरा. त्यांच्यासाठी सरुबाई दारोदार फिरल्या. दवाखान्याच्या डॉक्टरांनी नको म्हटले. देवळाच्या पुजाऱ्यांनी आनंदाने कुंड देऊ केले, पण सरुबाईंनीच नको म्हटले, कारण पावसाळ्यात नदी त्या कुंडात शिरते. शेवटी शाळेचे मास्तर उद्धवराव स्वतः मला पाहायला आले. "मासे ठेवतो, पण सांभाळायचं कसं ते तुम्ही मुलांना शिकवायचं," ते म्हणाले. ज्यांनी कधी पाटीला हात लावला नव्हता, त्या सरुबाई दर शनिवारी शाळेत येऊन शिकवू लागल्या. भंगारात जायची मी, वर्गात जाऊन बसले.

पुढच्या हिवाळ्यात बंगल्यातल्या नव्या बाई, अंबूबाई, शाळेत आल्या. त्यांनी सगळी हकिकत ऐकली होती. "सरुबाई, माझ्याकडे कामाला याल? मलाही मासे पाळायचे आहेत," त्या म्हणाल्या.

"येईन," सरुबाई म्हणाल्या. "पर आधी बोली करायची. नकोसं झालं की मला सांगायचं. नदीची वाट धरायची न्हाई."

अंबूबाई म्हणाल्या, "ठरलं."

मित्रांनो, आता तुम्ही ठरवा. मासे हौसेने आणले असतील, तर त्यांचा कंटाळाही तुम्हीच निस्तरा. त्यांना दुसरे घर शोधा, विकणाऱ्या दुकानदाराला परत घेतो का विचारा, शाळेला विचारा. पेटीतल्या रोपांची पाने उन्हात वाळवून जाळा. आणि 'मोकळे करतो' असे म्हणत कोणी बादली घेऊन नदीकडे निघाले, तर कोणीतरी दारात उभे राहायला हवे. ते कोणीतरी तुम्हीच का होऊ नये?