माझ्या पोटातली ऊब

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, बागेच्या कडेला कुणीतरी जुनी पेटी टाकून दिली आहे. टाकलेली नाही, ठेवलेली आहे. मी मधपेटी आहे. माझा रंग उडाला आहे, एक कोपरा उंदराने कुरतडला आहे. पण माझ्या पोटात मी जे पाहिले, ते भल्याभल्या राजवाड्यांनीही पाहिले नसेल.

एका सुतारदादाने जुन्या दाराच्या फळ्यांतून मला घडवले, आपल्या धाकट्या बहिणीसाठी. तिला सगळी गल्ली मधताई म्हणायची. दोघे भाऊबहीण एकाच घरात राहत. दादाने माझे सांधे असे जुळवले, की मुंगीलाही वाट मिळू नये. पण आत माश्या राहायला आल्या आणि दादा जो लांब गेला, तो माझ्या सावलीलाही फिरकला नाही. एकदा एका माशीने त्याच्या नाकाचा भोपळा केला होता. तेव्हापासून तो मध खायचा, पण माश्यांना दुरूनच नमस्कार करायचा.

उन्हाळ्यात माझ्या दारात नुसती झुंबड असे. लोक मधाचे कौतुक करत. मधाचेच, पेटीचे कोण करतो? पण खरा चमत्कार पाने गळून गेल्यावर सुरू होई, तेव्हा बघायला कुणीच नसे. ताई कधी सगळा मध काढत नसे. म्हणायची, "आधी त्यांची बेगमी, मग आपली चैन."

आमच्या डोंगरातल्या बर्फाळ गावात थंडी पडली, की सगळ्या माश्या राणीभोवती जमत आणि एकमेकींना बिलगून त्यांचा एक गोळा होई. पंख न हलवता त्या पंखांचे स्नायू थरथरवत. त्या थरथरीतून ऊब निघे. बाहेर पाण्याचा दगड झालेला असे आणि गोळ्याच्या मध्यभागी राणी उन्हात बसल्यासारखी असे. कडेच्या माश्या गारठल्या, की हळूहळू आत सरकत. आतल्या ऊब घेतलेल्या माश्या कडेला येत. हुकूम कुणाचा नाही, भांडण नाही. मी लाकडाची, तरी ते पाहून मला भरून येई. माझ्या पायाखालच्या विटांच्या फटीत एक गोगलगाय आपल्या शंखाचे दार बंद करून झोपलेली असे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण सगळ्यांचा निर्धार एकच.

एका हिवाळ्यात ताई अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. पायाला प्लास्टर, खिडकीशी बसून ती माझ्याकडे बघत राही. अशातच एका दुपारी वादळ आले. झाडाची फांदी माझ्यावर कोसळली, झाकण फुटून उडाले आणि बोचरा वारा थेट पोळ्यांत शिरला.

"दादा! पेटी उघडी पडली रे!" ताई ओरडली.

"मग? मी जाऊ? मी?"

"थंडीत त्यांना उडता येत नाही."

"हे त्यांना ठाऊक आहे ना?"

ताईला हसू आले नाही. ती कुबडी ओढून उठू लागली, तेव्हा दादाने तिला खांद्याला धरून खाली बसवले. फळी, हातोडी, खिळे, दोरी घेतली, तिची जाळीची टोपी उलटीच डोक्यावर घातली आणि तो वाऱ्यात निघाला.

माझ्याजवळ येऊन त्याने आत डोकावले आणि तो जागीच थबकला. पोळी बसवलेल्या चौकटींच्या मधल्या फटींतून नारळाएवढा जिवंत गोळा दिसत होता. कडेच्या माश्या डोकी आत खुपसून, पाठी वाऱ्याला देऊन घट्ट उभ्या होत्या. कितीतरी मरून पडल्या होत्या. पण एकीनेही जागा सोडली नव्हती. दादाने नकळत टोपी काढली.

"अरे झाक! बघतोस काय?" ताईने काच वाजवून खिडकी किलकिली केली.

त्याने फळी ठेवली, खिळा धरला, हातोडी उचलली.

"ठोकू नकोस! हादऱ्याने त्या खाली पडतील. गारठलेली माशी पडली की परत चढत नाही!"

जन्मभर ठोकाठोकी केलेला माणूस! त्याने हातोडी बर्फात टाकली. अंगातला जाड लोकरी कोट काढून फळीवर पसरला, दोरीने बांधला आणि हळूच, झोपलेल्या बाळाच्या उशाशी ठेवावेत तसे, वर दोन दगड ठेवले. मग नुसत्या सदऱ्यात कुडकुडत त्याने माझ्या अंगाला कान लावला.

"काय ऐकू येतंय?" ताईने खिडकीतून विचारले.

"वाराच एवढा आहे, काही कळत नाही गं."

पुढे कितीतरी दिवस तो रोज येई आणि कान लावी. आत माश्या जगत होत्या, पण गोळा लहान झाला होता आणि त्याचा आवाज माझ्या भिंतीपर्यंत पोहोचत नव्हता. मला सांगता येत असते तर! ताईने विचारणेच सोडले. दादाही घरात शिरताना खिडकीकडे बघेनासा झाला.

मग एके सकाळी स्वच्छ ऊन पडले. दादाने अंगणात धुतलेला पांढरा सदरा वाळत घातला होता. माझ्या दारातून एक माशी बाहेर आली. मग दुसरी, मग घोळकाच. मित्रांनो, मधमाशी कधी आपले घर घाण करत नाही; सबंध थंडी ती पोट आवरून धरते. त्यामुळे बाहेर पडताच त्यांनी सगळ्यात आधी काय केले असेल, ते तुम्हीच ओळखा. बघता बघता सदऱ्यावर पिवळे ठिपकेच ठिपके उमटले.

दादा तो सदरा निशाणासारखा उंच धरून घरात पळाला. "ताई, बघ! जिवंत आहेत! बघ काय केलंय मेल्यांनी!"

ताईने सदरा तोंडावर धरला आणि ती रडू लागली. मग दोघेही इतके हसले, की शेजारी डोकावून गेले.

मित्रांनो, थंडीत एखादी पेटी, झाडाची ढोली किंवा पाचोळ्याचा ढीग अगदी निपचित दिसला, तर काठीने ढोसू नका, गंमत म्हणून पेटवू नका. शेजारून जाल तेव्हा पाऊल जरा हळू टाका. आत जगण्याचे काम चालू आहे.