दौलतचं आवतण

“तिकिटावर बसलाय तो कालुराम, आन गान्यात हाय तो माजा दादला! वल्हा धरून फोटू काराला लाज नाय वाटली रं तुला?”

ठाण्याच्या मासळीबाजारात, भर गिऱ्हाइकांत हौसाबाई ओरडली. काळुराम नाखवा हसत निघून गेला. त्याचं ते हसू मला आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

हौसाबाई आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्याची धवलारीण. धवले गाऊन लग्न लावणं तिचं काम, आणि तिच्यामागं झील धरणं माझं. तिच्या नवऱ्यानं, दौलतनं, वादळात होडी मागं फिरवली, बुडत्या काळुरामला केसांना धरून वर ओढला, आणि पुढच्या लाटेत स्वतः गेला. देह काही सापडला नाही. मग हौसाबाईनं त्याचं गाणं रचलं. नवऱ्याचं म्हणून तिच्यापाशी तेवढंच राहिलं.

कोळ्यांच्या गाण्यांचं पोस्टाचं तिकीट काढायचं म्हणून साहेबलोक आले, तेव्हा ती नेमकी माहेरी गेलेली. काळुरामनं वल्हं धरून फोटो काढून घेतला आणि गाणं सांगताना दौलतच्या जागी बिनदिक्कत आपलं नाव घातलं. बुडणाराच वाचवणारा झाला! तिकिटावर त्याचं तोंड आलं, आणि सोबतच्या छापील कागदावर त्याचं नाव.

पुढं त्याच्या मुलाचं, उत्तमचं लग्न ठरलं. वाड्यातलं लग्न वाड्याच्या धवलारणीनंच लावायचं, म्हणून काळुराम हौसाबाईच्या दारात आला.

“येशील नं हौसाबाय?”

“येन की. पोराचा काय गुना?”

तो गेल्यावर मी तिच्यावर चिडले. “त्याच्या दारात गाशील गो तू?”

“गाईन. तू फकस्त झील सोरू नको.”

लग्नाला मुंब्रा, कोपर, कल्याण इथून पाहुणे आलेले. नवरानवरी पाटावर बसली. हौसाबाईनं देव बोलावले, खाडी बोलावली. मग गेलेल्या माणसांना आवतण. धवलारणीनं विचारायचं, घरधन्यानं एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि ते नाव तिनं धवल्यात गुंफायचं. नाव अडलं की धवला अडला, आणि धवला अडला की लग्न अडलं.

काळुरामनं आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं.

“आनि कोन?” हौसाबाईनं सुरातच विचारलं.

“जाले सगले.”

“नाय जाले. तुला केसाला धरून पान्यातशी ज्यानी कारला, तो कोन?”

हौसाबाई तीच ओळ पुन्हा म्हणाली, मी झील ओढली. मागच्या बायाही ओढू लागल्या. त्याला केसाला धरून ज्यानी कारला तो कोन, तो कोन! काळुराम उठायला लागला तसा नवरीच्या बापानं त्याचा हात धरला.

“याही, बसा. माजे पोरीचा धवला तोरू नका. नाव घ्या.”

“दौलत,” काळुराम पुटपुटला.

“खारीपल्याड जाऊदे आवाज!” हौसाबाईनं फर्मावलं.

“दौलत! दौलतनी कारला मला!”

हौसाबाईनं डोळे मिटले आणि दौलतला लग्नाचं आवतण दिलं. असा आवाज तिला पूर्वी कधी लागला नव्हता. गाताना ती रडत होती, आणि मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं. शेवटी रीतीप्रमाणं काळुरामनं तिला लुगडं दिलं आणि सगळ्या पाहुण्यांदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठायला सांगायची मुळीच घाई केली नाही.

तो धवला पाहुण्यांनी गावोगाव नेला. आता कल्याणपर्यंतच्या लग्नांत काळुरामला दरवेळी केसांना धरून पाण्यातून काढतात.

तिकीट काही बदललं नाही. हौसाबाई कधीमधी माहेरी पत्र धाडते. पोस्टात ते तिकीट घेते, उलटं करते, आणि त्याला जीभ लावत नाही. मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्यावर थुंकते आणि अंगठ्यानं दाबून बसवते.