उगाच थरथरणारा फोन

मित्रांनो, आज सकाळी मी तीनदा थरथरलो आणि तिन्ही वेळा कोणाचाच फोन नव्हता. काय करू, मला स्वस्थ बसवतच नाही! मी एक जुना, बटणांचा स्मार्टफोन आहे. वर एवढीशी काच, खाली दाटीवाटीने बसलेली बटणं आणि पोटात फुगत चाललेली बॅटरी. सोलापुरात माझा कोणी भाऊबंद शिल्लक असेल, तर मला तो भेटलेला नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. लख्ख उजेडाचा कारखाना, मग अंधारं खोकं, मग नव्या पेठेतलं दुकान. तेव्हा मला कडक इस्त्रीचे साहेब लोक घेत. मला मात्र वैदेहीबाईंनी घेतलं, आणि त्या निघाल्या गुरांच्या डॉक्टर! पहिल्याच आठवड्यात माझ्या बटणांत शेण गेलं. मी असा रुसलो म्हणून सांगू! पण घरी आल्यावर बाईंनी स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन माझं एकेक बटण घासलं. एवढं कोणी केल्यावर राग किती वेळ धरायचा?

मला का घेतलं, ते पुढे कळलं. बाईंचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात असतो, तेव्हा डावा अंगठा माझ्यावर चालतो, तोही न बघता. बोटं ओली असोत, साबणाची असोत, मी कधी कुरकुर केली नाही. जीप चालवणारे आणि बाईंच्या हाताखाली काम करणारे इलाहीबक्षचाचा सगळ्यांना सांगत, "हमारी डॉक्टरबाई का अंगूठाच आधा दवाखाना है."

मग दूध संघाने बाईंना काचेचा नवा फोन दिला. मी फक्त जुन्या नंबरापुरता उरलो, कारण गावोगावच्या लोकांना तोच पाठ. आणि नेमकी तेव्हाच मला ही उगाच थरथरण्याची खोड लागली. बाई दरवेळी धावत यायच्या, बघायच्या, कपाळाला हात लावायच्या. पुढे पुढे येईनाशा झाल्या. गेल्या आठवड्यात करकंबच्या धुळा नावाच्या शेतकऱ्याचा खराच फोन आला. बाईंना वाटलं, थरथरतोय उगाच. धुळाची गाय गेली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "तुझ्यावर आता भरवसा कसा ठेवू रे?"

म्हणून आज चार वाजता मला नव्या पेठेत द्यायचं ठरलं होतं. नंबर नव्या फोनात जाणार आणि मी भंगारात. माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती.

तेवढ्यात मी चौथ्यांदा थरथरलो. या वेळी मात्र खरा फोन होता. नशीब, बाईंचा हात माझ्यावरच होता. मोडनिंबजवळच्या वस्तीवरून मायाप्पा बोलत होता. "बाई, म्हस अडलीया. सकाळधरनं कळा देतीया, पर काय बी न्हाय. लवकर या की!"

आम्ही पोचलो, तेव्हा म्हैस आडवी झाली होती. तिची लांबलचक शिंगं चाचांनी धरली, मायाप्पाने मागचा पाय दोरीने ताणून धरला आणि बाईंनी हात आत घातला. रेडकाची मान मागे वळलेली. महत्प्रयासाने त्याचा जबडा बोटांना लागला, पण मान काही पुढे येईना. हात काढला तर मिळालेली पकड जाणार. बार्शीला बाईंचे गुरुजी राहतात, सयाजी सर. अशा अडलेल्या शेकडो म्हशी त्यांनी सोडवल्यात. त्यांना विचारायला हवं होतं.

बाईंनी डाव्या हाताने नवा फोन उचलला. त्याला बोटाची ओळख हवी होती आणि बोटावर साबणाचा फेस. बाईंनी बोट सदऱ्याला पुसलं, पुन्हा टेकवलं. तो ढिम्म.

"कडब्यावर जुना आहे बघा," बाई म्हणाल्या. मायाप्पाने पायाने मला पुढे सरकवलं. फोन लागेना, रेंज एक दांडी. मग अंगठा चालू लागला. मान डावीकडे वळली आहे, जबडा हाताला लागतोय, काय करू? गेला निरोप! माझ्याकडे चार टक्के चार्ज राहिला होता.

आता उत्तर येईपर्यंत जगायचं होतं, आणि माझ्या अंगात तर थरथर दाटून आलेली. मित्रांनो, एक फुकटची थरथर म्हणजे तेवढा चार्ज कमी. जन्मात पहिल्यांदा मी अंग आवरून धरलं. म्हैस कण्हत होती. मायाप्पा पुटपुटत होता, "वाचीव गं माय, घर हिच्यावर हाय." तीन टक्के. दोन.

आणि मी थरथरलो.

"उगाच असंल, बाई," चाचा म्हणाले. "उसकी आदतच है."

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. मी काकुळतीने त्यांच्याकडे पाहत होतो.

"असू दे. बघते," त्या म्हणाल्या.

सरांनी लिहिलं होतं: कळ थांबली की आधी रेडकू आत लोट. मग खालच्या जबड्याला दोरी लाव. ओढायची घाई नको. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझी काच काळी झाली.

पुढचं मी फक्त ऐकलं. "दोरी द्या." मग बाईंचं "सावकाश, सावकाश." मग काहीतरी ओलं जड कडब्यावर पडलं, नाक शिंकरल्यासारखा आवाज आला, आणि मायाप्पा ओरडला, "रेडी हाय! जित्ती हाय की!"

परतताना नवी पेठ आली. चाचांनी विचारलं, "गाडी लावू?" बाई म्हणाल्या, "नको. घरी चला. ह्याच्या बटणांत शेण गेलंय."

मित्रांनो, माझी बॅटरी आता कुठे मिळत नाही. मी फार दिवस चालणार नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या घरात असं कोणी जुनं, खोडीचं असेल, तर त्याला भंगारात काढायच्या आधी एकदा घासूनपुसून बघा. निदान चार्ज करून ठेवा.

संध्याकाळी बाईंनी मला ब्रशने घासलं, चार्जिंगला लावलं आणि त्या जेवायला बसल्या. तेवढ्यात मी पुन्हा थरथरलो. कोणाचाही फोन नव्हता. बाई उष्ट्या हाताने उठल्या आणि बघून गेल्या.