पायाला धान

"हे काय बांधून राहिली वो पायाले?"

डायलिसिसच्या खाटेवरून पुरनलालने पाय ओढून घेतला. बायकोने, सुखवंताने शिवून आणलेली पिशवी खाली पडली, शिवण उसवली आणि फरशीवर दाणे सांडले. धान होतं.

"धान? पायाले? लक्ष्मी हाय ते!"

"मॅडमनं वजन आनाले सांगतलं. घरात जे होतं ते भरलं मी," सुखवंता खाली बसून दाणे वेचू लागली. वेचलेला प्रत्येक दाणा ती कपाळाला लावत होती. शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती.

व्यायाम शिकवणारी दिव्या हसली नाही. "काकू, रेती भरून आना. काका, मशीन खून साफ करते, मांड्या नाही भरून देत. पडून पडून त्या गळून राहिल्या. सुईचा हात हलवू नका, चक्कर आली तर थांबा. पाय मात्र उचला."

पुरनलालने चादर गळ्यापर्यंत ओढली. याच पायांनी तो धान रोवण्याच्या दिवसांत चिखलातून पऱ्ह्यांचे, कोवळ्या रोपांचे भारे वाहायचा. आता बायकोसमोरही धोतर वर सरकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पोरीच्या, योगेश्वरीच्या साक्षगंधाला, लग्न पक्कं झालं त्या दिवशी, तो सतरंजीवर बसला आणि त्याला उठताच येईना. व्याही चुन्नीलालनेच बगलेत हात घालून त्याला उभं केलं. मागून कुणीतरी बोललंच, "हा का पोरीचे पाय पखारन? चुलत्याले बसवा लग्नात." मांडवात परातीपुढे उकिडवं बसून पोरीचे पाय धुवायचे, ते बापाने. पुरनलाल त्या रात्री जेवला नाही.

पुढच्या खेपेला पिशवीत वैनगंगेची रेती होती. त्याने ती बांधू दिली, पण चादरीखाली.

"काय जी पुरनलाल," पलीकडच्या खाटेवरून हिरालाल ओरडला, "चादरीत उंदीर शिरला का?"

"हाव. तुह्या खाटेवर सोडू का?"

सगळे हसले. पाय मात्र थांबला नाही. घरी तो कोठ्यात जाऊन दार लावून घ्यायचा आणि गव्हाण धरून उठबस करायचा. बघायला फक्त बैल. पहिला महिना काहीच फरक पडला नाही. मग एक दिवस गव्हाण न धरता तो उठला, आणि बाहेर येऊन कुणालाच काही सांगितलं नाही.

लग्नात तो परातीपुढे बसला. चुलता मागेच उभा होता, तयारीत. पुरनलालने जावयाचे पाय धुतले, मग योगेश्वरीचे धुतले, पुसले. आता उठायचं. त्याने जोर लावला. मांड्या थरथरल्या, तो पुन्हा खाली बसला. तो मान खाली घालून पोरीचा कोरडा पाय पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"सोड भाऊ, मी उचलतो," चुलता पुढे झाला.

योगेश्वरीने पुसलेला पाय उचलून पुन्हा परातीत ठेवला.

"थांबा काका. बाबा, इथं हळद रायली ना."

हळद कुठेच नव्हती. पुरनलालने ते पाऊल ओंजळीत घेतलं आणि सावकाश धुतलं. श्वास भरला. मग ओला हात गुडघ्यावर रोवला.

वऱ्हाडी जेवायला बसले तेव्हा तो स्वतः वाढत फिरत होता. धोतराच्या गुडघ्यावर पाच बोटांचा ओला ठसा हळूहळू वाळत होता.