सतरावं टोपण

टोपण निळं होतं. कडेला दातांच्या दोन खुणा, तिच्याच, आणि पोटावर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा; त्यावर तारीख, तारखेखाली वेळ, ३.१४. पट्टीची एक कड सुटली होती आणि गणवेशाच्या खिशात तिचा अंगठा त्या सुटलेल्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता, खपलीवरून फिरतो तसा... काढायची नाही, पण आहे ना अजून, एवढं बघायचं.

पेन नव्हतं. पेनं वॉर्डाच्या डॉक्टरकडे जायची आणि टोपणं तिच्याकडे राहायची, अशी ही नऊ वर्षांची वाटणी. राउंडला आला की तो फाइलमधून मान वर न करता डावा तळहात बाजूला पसरायचा — तिच्यापुढे नव्हे, नुसता हवेत, तिथे कोणीतरी नर्स असणारच अशा बेताने — आणि त्या तळहातावर पेन पडायचं. टोपण काढून. कारण एकदा टोपणासकट दिलं तेव्हा "हे पण मीच उघडायचं का?" असं ऐकून झालं होतं. मग त्याच तळहातावर तो रक्तदाबाचे आकडे लिहायचा, आणि वर्षातून एक-दोनदा पेन परत न देता आपल्याच खिशाला लावून निघून जायचा. वॉर्डात त्याचं नाव 'एकशेचार' होतं. त्याहून कमी तापात त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं.

टोपणं टाकून द्यावीत, शहाण्या माणसाने. तिने ठेवली. थुंकी तपासायच्या कोऱ्या डबीत, कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यामागे. आणि नर्सचा हात तो — सलाइन लावलं की बाटलीवर वेळ, पट्टी बांधली की पट्टीवर वेळ — टोपणावरही आपोआप वेळ पडत गेली. सतरा टोपणं, प्रत्येकाला आपापला अपमान. सहावं म्हणजे "डोकं घरी ठेवून येता का?" अकरावं म्हणजे सगळ्या वॉर्डासमोर भिरकावलेली फाइल आणि "विचार मी करतो, तुम्ही फक्त उचला आणि ठेवा" — आणि त्यानंतर तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईने इंजेक्शनसाठी पुढे केलेला दंड मागे घेतला होता, "तुम्ही नको, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा ना," अगदी मऊ आवाजात, माफी मागितल्यासारखं. तो मऊ आवाज अजून जात नाही. फाइलचा आवाज केव्हाच गेला.

सतरावं डबीत नव्हतं, खिशात होतं. बारा दिवस.

आज संध्याकाळी पाचपर्यंत चौकशी समितीला निवेदन द्यायचं होतं. छापील कागद, वर 'घटनाक्रम वेळेसह लिहावा', खाली ठिपक्यांच्या ओळी. तिचं लिहून झालं होतं, काल घरीच, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. दोनच वाक्यं. *दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी नऊ नंबरच्या रुग्णास श्वास लागल्याने डॉक्टरांना फोनवर कळवले. ३ वाजून ५८ मिनिटांनी रुग्णाचे हृदय बंद पडले, त्या वेळी डॉक्टर उपस्थित होते.* दोन्ही वाक्यं खरी. कोणी कुठल्याही देवाची शपथ घालावी. मधे अठ्ठेचाळीस मिनिटं होती, ती कोरी होती, आणि कोरी जागा काही खोटं बोलत नाही.

"लिहिलंस?" नवऱ्याने सकाळी विचारलं होतं, दाढीचा फेस गालावर तसाच.

"लिहिलं."

"खरं?"

"खरं."

"सगळं?"

"विचारलं तेवढं."

त्याने वस्तरा परत गालाला लावला. वीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की ही 'विचारलं तेवढं' म्हणाली की पुढचं विचारायचं नसतं.

त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत काय होतं? तो होता. फोन ठेवून चार मिनिटं झाली नसतील तोवर जिन्यावरून धावत आला, पडदा ओढला, आणि आत तिघंच — तो, ती आणि नऊ नंबरचे आजोबा, जन्मभर शिवणकाम केलेले, चादरीच्या शिवणीलाही नावं ठेवणारे. त्याने तपासलं, ऑक्सिजन वाढवायला लावला, उशी उंच करायला लावली, "एवढं तरी आधी सुचायला काय झालं होतं?" असं तिला म्हणाला — तेही आलंच — आणि मग आजोबांचे पाय हातात घेऊन गार आहेत का ते बघितलं, आणि पायांतून काढलेले मोजे... परत चढवले. दोन्ही. टाच नीट जागेवर बसवून. टोपण काढायचेही कष्ट न घेणारा माणूस. हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. म्हणजे याला येतं. याला सगळं येतं. आपल्याशीच येत नाही.

"चारला परत बघतो," म्हणाला, तळहातावर आकडा लिहिला, पेन घेऊन गेला. चारला दोन मिनिटं कमी असताना आलाही. पण नोंद राहिली — आधी पेनापायी, मग चार नंबरच्याने सलाइनची सुई उपटून चादर लाल केली त्यापायी, मग आजोबाच गेले. फाइल संध्याकाळी वर कार्यालयात गेली, आणि घरी निघताना, मागून घेतलेल्या पेनाने, टोपणावर मात्र सवयीने तो आल्याची वेळ पडली. तोपर्यंत खरंच विसरणं होतं. तिसऱ्या दिवशी घरच्यांची तक्रार आली, 'फोन करूनही पाऊण तास डॉक्टर फिरकले नाहीत', तेव्हा तिला आठवलं. आणि आठवल्यानंतरही गप्प बसली, तिथून पुढे त्याला विसरणं म्हणता येत नाही. त्याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं. गोड लागत होतं ते. औषधाच्या सिरपसारखं, मागाहून जिभेवर चिकट राहणारं.

आणि भर म्हणून त्याने स्वतःच कबर खणली! चौकशीत म्हणाला, "मी गेलो होतो, पडद्यामागे सिस्टर होत्या, विचारा त्यांना." कुठल्या सिस्टर? "त्या... चष्मेवाल्या." चष्मेवालीला बोलावलं. ती त्या दिवशी रजेवर होती, भाच्याच्या साखरपुड्याला. झालं. साक्षीदारही बनावट काढतो म्हणून समितीने एकमेकांकडे बघितलं म्हणे. आता नोकरी जाणार, आणि असं शेपूट लागलेल्या डॉक्टरला दुसरीकडेही कोण उभं करतंय.

नऊ वर्षं. आणि तिला चष्मा नाही. कधीच नव्हता.

साडेनऊला तो राउंडला आला. आवाज नव्हता आज. ताप उतरल्यावर माणूस दिसतो तसा जरा लहान दिसत होता. पाच नंबरपाशी त्याने फाइल बघितली, मग — हे पहिल्यांदाच — मान वर करून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ.

"तुम्ही... चष्मा लावत नाही का हल्ली?"

"मला चष्मा नाही, सर."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी घसरत गेलं. एकेक पायरी.

"म्हणजे त्या दिवशी, नऊ नंबरला—"

"कुठल्या दिवशी, सर?"

किती छान आला होता आवाज! मऊ, आज्ञाधारक, विचार न करता उचलून ठेवणाऱ्या बाईचा. तो फाइलकडे वळला. आणि तळहात, सवयीने, बाजूला पसरला गेला. तिने पेन ठेवलं. टोपण काढून. अठरावं. त्यावर वेळ लिहायला मात्र तिला दिवसभर सुचलं नाही.

दुपारी वॉर्डातल्या मावशी हाक मारायला आल्या. "सिस्टर, नऊ नंबरची लेक आलीये. आजोबांच्या कानाचं मशीन राहिलंय म्हणते. तुम्हीच द्या बाई, मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही, मीच आधी सुरू करते."

लेक रडत नव्हती. कानाचं मशीन रुमालात बांधलं, गाठ मारली, सोडली, परत मारली.

"सिस्टर, एक विचारू? खरं सांगा. पाऊण तास... कोणीच नव्हतं का हो बाबांजवळ?"

मी होते.

हे शब्द तोंडात आले आणि दातांशी अडले. मी होते, उशी मी उंच केली, पाठीवर हात मी फिरवत होते, तो गेल्यावर आजोबा माझ्याच मनगटाला धरून, दमाने तुटत तुटत, म्हणाले होते, "सिस्टर, तुमचं पेन नेलं हो त्यानं." शेवटचे शब्द. जन्मभर सुईदोरा सांभाळलेला माणूस. कोणाची वस्तू कोणी नेली हे त्याला मरतानाही बघवलं नाही. साऱ्या इस्पितळात एका माणसाने ते बघितलं होतं आणि तो चारला गेला.

पण 'मी होते' म्हटलं की पडदा उघडतो. आत मी एकटी नव्हते.

"होतं," ती म्हणाली. "होतं कोणीतरी."

"कोण?"

"...आम्ही असतोच ना."

लेकीने मान हलवली, बसमधल्या अनोळखी माणसाने जागा दिल्यावर हलवतात तशी, आणि निघून गेली. कोणीतरी. आम्ही. असतोच. म्हणजे एवढ्या मोठ्या पडद्यामागे ती स्वतःच स्वतःला दिसेनाशी झाली होती, आणि हे काम या वेळी त्याने केलेलं नव्हतं.

पाचला दहा कमी. तिने घडी उघडून दोन वाक्यं परत वाचली. पहिल्यात कोणीतरी फोन केला होता. दुसऱ्यात कोणीतरी मेलं होतं. मधे शोधलं. चष्मा नसलेली कोणी बाई तिथे नव्हती. पाठीवर हात नव्हता, मनगट नव्हतं, मोजे नव्हते. चष्मेवाली लिहिली असती तर निदान कोणीतरी असतं.

आणि जाऊ दे ना त्याची नोकरी! जाऊ दे. सतरा वेळा जाऊ दे. तीन नंबरच्या बाईचा दंड आठव... आठवला. राग जागेवरच होता, गरम, तिने हात लावून बघितला. फक्त चव गेली होती. आजवर तिने राग कसा ठेवला होता? डबीत, पट्टी लावून, वेळ घालून. आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याला, चष्म्याच्या, अठराव्या टोपणाच्या रागाला, वेळच नव्हती. बेवारशी राग. कोणाचा म्हणून सांगायचा?

हेड नर्स टेबलापलीकडे रजिस्टर भरत होत्या. मान वर न करता त्यांनी तळहात पुढे केला. "आणा निवेदन. शिपाई वर निघालाय."

ती त्या तळहाताकडे बघत राहिली. मग कागद टेबलावर पसरला, दोन वाक्यांच्या मधल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं, आणि आपला हात बाजूला पसरला — कोणाकडेही न बघता, नुसता हवेत.

"पेन," ती म्हणाली.

हेड नर्सनी चमकून वर बघितलं. वॉर्डात असा आवाज एकाचाच होता. पेन तळहातावर पडलं, उघडं.

"टोपण माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर पेन परत येत नाही."

"ठेवा. वेळ लिहून ठेवा."

खिशात अंगठ्याने पट्टीची सुटलेली कड खाली दाबली. ती बसली, क्षणभर, आणि परत उचलली गेली. पेनाचं टोक ठिपक्यांच्या वर थांबलं होतं, टेकलं नव्हतं. तीन वाजून चौदा मिनिटं... आणि त्यापुढचा शब्द 'डॉक्टर' नव्हता. त्यापुढचा शब्द 'मी' होता.