त्रेसष्ट निकामी झाडं

नवशा वारल्यानं त्रेसष्ट झाडांना निकामी म्हणून रान वाचवलं होतं. निदान चैत्र लागेपर्यंत त्याला तसं वाटत होतं.

झालं असं, की दिवाळी उलटल्यावर जंगलखात्याचा मोजणीचा साहेब आला. बोईसरच्या उगवतीला, सूर्या नदीच्या अलीकडे डोंगर आहेत. त्यांतल्या एका ओहोळाच्या दोन्ही अंगांना असं दाट रान होतं, की भर उन्हाळ्यातही पायाखालची माती ओली लागायची. साहेबाला त्या रानाची यादी करायची होती. झाडाचं नाव, बुंध्याचा घेर आणि शेवटच्या रकान्यात उपयोग. वही धरायला गार्ड बळवंत आणि वाट दाखवायला नवशा. पन्नाशीचा माणूस, पण डोळे बांधून सोडला असता तरी सालीवर हात ठेवून त्यानं झाड सांगितलं असतं.

"हे काय?"

"साग."

"लिही, इमारती. आणि हे?"

"काकड."

"उपयोग?"

नवशानं नाक मुरडलं. "कशाचा काय, साहेब! निकामी."

काकड निकामी नव्हता. पावसाच्या तोंडावर रानात शेवळं उगवतात. भाजी झकास, पण नुसती खाल्ली तर घसा सोलवटतो. काकडाची आंबट फळं ठेचून घातली की तिची खाज मरते. घरातलं धान्य संपलेलं असतं त्या दिवसांत पाडा याच भाजीवर तगतो. हे साहेबाला सांगायचं? छे.

वारल्याची रीतच तशी. जे आपल्याला जगवतं त्याचं कौतुक तोंडानं करायचं नाही, नजर लागते. जे पोर जगावं असं वाटतं त्याचं नाव चिंधू ठेवायचं, झिपरू ठेवायचं. मरण दारात आलंच तर म्हणेल, ही चिंधी कशाला न्यायची? शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणतात. खुशाल म्हणोत. त्यांच्या दारचा शिसव कुणी उचलून नेलेला नाही. नवशाच्या बापानं एका गोऱ्या साहेबाला मोठ्या कौतुकानं शिसव दाखवला होता. पुढच्या वर्षी तिथं बसायला बुंधा तेवढा राहिला. नजर लागते ती अशी.

म्हणून उंबर निकामी. जांभूळ निकामी. ज्याच्या बियांचं तेल पाडा अंगाला, डोक्याला, दिव्याला वापरतो तो कोशिंब निकामी. शेवटी एक मोई आली. लाकूड ठिसूळ, चुलीत घातली तर नुसता धूर, फळ माणूस खात नाही, उन्हाळ्यात पान नाही म्हणून सावलीही नाही. तिलाही नवशा निकामीच म्हणाला. त्रेसष्टांत तेवढं एकच खरं होतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला, ठकीला, सगळं सांगितलं. दोघं पोट धरून हसली.

"कोशिंबालापण?"

"कोशिंबालापण!"

"नि लिवलान त्यानं?"

"लिवलान! वर म्हंतो, शाबास."

चैत्रात बळवंत रंगाचा डबा घेऊन आला. दुपारी नवशा ओहोळावर गेला तर काकडाच्या कमरेला लाल पट्टा. उंबराला पट्टा. जांभळाला पट्टा. साग, ऐन मात्र कोरे.

"बळवंता, तू चुकलास," नवशा घाईनं म्हणाला. "पट्टा सागाला मारतात. तोडायला तो नेतात."

"ते जुनं झालं, नवश्या. आता निकामी झाडं काढायची आणि सगळीकडे सागच लावायचा. आठ दिवसांत टोळी येतेय."

"निकामी कोणती, ते कोण बोलला?"

बळवंतानं ब्रश डब्यात बुडवला. "तूच की! वहीत आहे. अंगठा आहे तुझा खाली."

हे सरकारी डोकं नवशाला कळेना. आजवर जे चांगलं ते नेलं. आता जे चांगलं नाही तेही नेणार. मग राहायचं कुणी?

घरी आल्यावर ठकी म्हणाली, "जा आणि खरं सांग."

"तोंडानं? समद्यांच्या देखत? नजर लागंल."

"लागायची ती लागली. लाल लागली. जा."

टोळी आली त्या सकाळी नवशा साहेबासमोर उभा राहिला. साहेब आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता. पंचवीस माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी. सगळे वारलीच, पल्याडच्या पाड्यांतले. त्यांचा मुकादम चिंधू. ठेकेदाराच्या कामावर आले होते. तारापूरला अणुवीजघराचे दगड वाहण्यापेक्षा हे बरं, एवढाच त्यांचा हिशोब.

"साहेब, मी खोटा बोललो. ती झाडं निकामी नाय."

"मग तेव्हा तसं का सांगितलंस?"

"ह्या मुकादमाचं नाव चिंधू हाय. त्याच्या आयेला तो चिंधी वाटला म्हणून ठेवलान काय?"

टोळीत खसखस पिकली. चिंधू म्हणाला, "माझी आय पाच पोरांना मातीत घालून बसली होती, साहेब. मी सहावा. म्हणून चिंधू."

साहेब हसला नाही. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर दुखणं. वाईट माणसाला शिवी देता येते. त्यानं वही चाळली आणि म्हणाला, "योजना वरून आलीय. थांबवणं माझ्या हातात नाही. उपयोगी म्हणून पाच झाडं राखू शकतो. फक्त पाच. नावं आणि उपयोग बळवंतला सांग, आत्ताच. बाकीची पडतील."

पाच. नवशानं बोटांकडे पाहिलं.

तो, ठकी आणि बळवंत ओहोळात उतरले. मागं टोळी. पहिला काकड राखला. नवशानं त्याचे गुण मोठ्यानं सांगितले, सांगताना मान खाली, जणू बायकोची अब्रू चव्हाट्यावर मांडतोय. मग उंबर. मग जांभूळ. मग पाण्यालगतचा दुसरा काकड, कारण पहिला म्हातारा झाला होता. चार झाली.

"आता कोशिंब," ठकी म्हणाली. झाड समोरच होतं, तांबड्या कोवळ्या पालवीनं पेटल्यासारखं.

नवशा मोईकडे बघत होता. नागडं झाड, कमरेला लाल पट्टा, वर दोन पुरुष उंचीवर ढोली. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं, मधे बोटभर फट. फटीतून वाकडी चोच हलली.

"धनेशीण," तो म्हणाला. "बसलीय आत."

ठकीनं मान वर केली. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, पिसं झडतात, उडता येत नाही. पिलं मोठी होईस्तोवर नर फटीतून भरवतो. झाड पडलं तर ती आतच चेंगरणार, हे सांगायची गरज नव्हती.

"पोरांच्या डोक्याला काय लावू?" ठकी हळू म्हणाली. "धनेशाची पिसं?"

"हा उंबर कुणी लावला?" नवशानं विचारलं. "काकड कुणी लावला? माझ्या बापानं? ह्या धनेशानंच बिया टाकल्या, हगून. साहेब साग लावंल. बाकीचं कोण लावंल मग?"

ठकीनं कोशिंबाकडे पाठ केली. तेवढंच.

"मोई लिही, बळवंता."

"उपयोग?"

नवशानं इतक्या झाडांबद्दल खोटं बोलून ती मारली होती. हिच्याबद्दल खरं बोललं तर ही मरणार. "पाखराचं घर हाय," तो म्हणाला.

"पाखरासाठी रकाना नाही. माणसाच्या काय कामाची ते सांग. नाहीतर निकामी. निकामी म्हणजे तोडायची."

"ताप उतरतो," नवशा म्हणाला. "सालीनं."

"खरंच?"

"हाडपण जुळतं," मागून चिंधू म्हणाला. कुऱ्हाड खांद्यावर, चेहरा देवळातल्यासारखा गंभीर. "माझा गुडघा ह्याच झाडानं बसवला."

"माझ्या बायकोची कंबर," दुसरा म्हणाला.

"इंचवाचं ईख उतरतं."

"सासूची जीभ बसते," एक म्हातारा म्हणाला आणि टोळीभर हसू फुटलं. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, हे बळवंत सोडून सगळ्यांना माहीत होतं. बळवंतालाही असेल. त्यानं नवशाकडे पाहिलं, मग फटीतल्या चोचीकडे. लिहिलं, औषधी. नवशानं अंगठा उठवला.

मग कुऱ्हाडी चालू झाल्या. दुपारपर्यंत ओहोळाच्या पोटात ऊन शिरलं. कधी शिरलं नव्हतं तिथं. पाकोळ्या वेड्यासारख्या फिरत राहिल्या. एक घोरपड उघड्या मातीवर आली, आता जायचं कुठं ते कळेना तशी थांबली आणि परत दगडात शिरली. कोशिंब पडायला वेळ लागला. लाकूड कठीण असतं त्याचं. पडला तेव्हा जमीन हादरली आणि तांबडी पानं बराच वेळ वरून येत राहिली.

चिंधूनं घाम पुसला. नवशाकडे न बघता म्हणाला, "राग धरू नको, दादा. आमी नाय तोडला तर दुसरी टोळी येल."

"ठाव हाय," नवशा म्हणाला. त्याचा राग चिंधूवर नव्हताच. तो कुणावर काढायचा तेच त्याला कळत नव्हतं, आणि त्यामुळे तो आणखी चढत होता.

टोळी भाकरी खायला बसली तेव्हा कुठे धनेश आला. मोईवर उतरला, मान वेळावून उघड्या आभाळाकडे पाहिलं. घशातून एक उंबर वर काढलं, फटीत दिलं. मग दुसरं. तिसरं.

ठकी ते बघत नव्हती. ती पडलेल्या कोशिंबाच्या फांद्यांत शिरली होती आणि वाटाण्याएवढी हिरवी फळं खुडून पदरात टाकत होती. त्यांत बी धरलं नव्हतं. तेलाचा थेंबही निघणार नव्हता, आणि हे तिला नवशापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नवशा जवळ जाऊन उभा राहिला. जरा वेळानं तोही खाली बसला आणि फळं खुडू लागला.