ज्याची सुनावणी झालीच नाही

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटलं की तुम्हांला पोपट आठवेल. पण माझ्यात कधी पोपट राहिला नाही, की मला कधी कोणी कुलूप घातलं नाही. मी न्यायालयातला आरोपीचा पिंजरा. छातीइतका कठडा, पायाखाली जाड फळी आणि आत यायला एक पायरी, एवढाच माझा पसारा.

मला घडवणारा सुतार मोठा मिश्कील होता. कठड्यावर रंधा मारणाऱ्या मेहुण्याला तो म्हणाला, "नीट गुळगुळीत कर. उद्या तूच आत उभा राहिलास तर हाताला कुसळ नको लागायला." दोघंही हसले. काम मात्र त्यांनी चोख केलं.

मग मी न्यायालयात आलो. माझ्यात कोंबडीचोर उभे राहिले, शेजाऱ्याचा बांध कोरणारे उभे राहिले, लाचखाऊ साहेब उभे राहिले, आणि काहीच न केलेली माणसंही उभी राहिली. लोक मला नाकं मुरडत. माझ्यात पाऊल पडलं की अब्रूला बट्टा लागला, असं मानत. मला त्याचं वाईट वाटे. कारण एकदा का माणूस माझ्या कठड्याच्या आत आला, की त्याच्या अंगाला कोणी बोटही लावू शकत नसे. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला कोणी गुन्हेगार म्हणू शकत नसे. सावकार असो की हमाल, पायाखाली फळी तीच. माझ्यामुळे माणसं वाचतात, असा मला अभिमान होता. तो एका सकाळी गळून पडला.

त्या सकाळी माझ्यात एक धारवाला उभा राहायचा होता. तो पायाने चाक फिरवत गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावून द्यायचा. आदल्या दिवशी बाजारगल्लीतली एक लहान मुलगी हरवली. ती त्याच्या चाकाच्या ठिणग्या बघत उभी होती, एवढंच कोणीतरी पाहिलं होतं. पण जिभेला हाड नसतं. दुपारपर्यंत ‘ती बघत होती’चं ‘त्याने बोलावलं’ झालं, आणि दिवस कलायच्या आत ‘त्यानेच पळवलं’ झालं. पोलिसांनी त्याला धरून कोठडीत ठेवलं. सकाळी न्यायाधीशांसमोर हजर करायचं ठरलं.

पट्टेवाल्याने दारात उभं राहून त्याच्या नावाचा पुकारा केला. कोणी आलं नाही. त्याने पुन्हा पुकारा केला. तिसऱ्यांदा मात्र त्याचा पहाडी आवाज चिरकला, कारण तोवर खरी बातमी न्यायालयाच्या पायऱ्या चढून आली होती. आदल्या संध्याकाळीच जमाव ठाण्यावर चालून गेला होता. फौजदाराने कोठडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो पाणी प्यायला आत गेला. परत आला तेव्हा किल्ली जागेवर होती, माणूस नव्हता. पुढे चौकात काय झालं, ते मी तुम्हांला सांगणार नाही.

त्याच दुपारी मुलगी सापडली. भाजीच्या रिकाम्या गाडीत खेळता खेळता तिला झोप लागली होती आणि ती गाडीबरोबर दूरच्या मळ्यावर गेली होती. गाडीवाल्याने तिला आणून आईच्या हाती दिलं. तिला भूक लागली होती, बाकी काही झालं नव्हतं.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या फळीवर एक विचित्र भार आला. माझ्यात उभं राहून गेलेल्यांची वजनं मी विसरलो. जो कधी उभा राहिलाच नाही, त्याचं ओझं मात्र हलेना. न्यायालय सुटलं, खिडक्या लागल्या, की मला वाटे, कोणीतरी पायरीवर पाऊल ठेवून थबकलं आहे आणि आत येऊ का म्हणून विचारतं आहे.

काही महिन्यांनी खटला उभा राहिला. आता माझ्यात चौघे होते: फौजदार, एक कापडवाला, एक पहिलवान आणि त्या मुलीचा मामा. मामाचे हात माझ्या कठड्यावर घामाने चिकटत. मागच्या बाकावर धारवाल्याची बायको रोज येऊन बसे. ती रडत नसे. नुसती माझ्याकडे बघत राही.

साक्षीदार एकामागून एक आले. ज्या चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती, तिथे हजर असलेल्या एकालाही काही दिसलं नव्हतं. कोणी म्हणे मी दुकान आवरत होतो, कोणी म्हणे माझा चष्मा घरी होता. आरोपींच्या वकिलांनी तर सांगून टाकलं, की गर्दीला चेहरा नसतो. मग नगराध्यक्ष आले. त्यांनी छाती फुगवून सांगितलं, की सगळं गाव एका बाजूला होतं आणि लोकशाहीत बहुमताला मान असतो.

न्यायाधीश बाई बुटक्या, हळू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुम्हांला खुर्चीवर बसवायला बहुमत लागतं, साहेब. पण कोण गुन्हेगार आहे, ते हात वर करून ठरत नसतं."

त्या दिवशी नगराध्यक्षांनी पाणी मागून घेतलं. तरीही खटला पुढे सरकेना. सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप. अशा वेळी मुलीची आई साक्षीला उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती स्वतःहून सरकारी वकिलांकडे गेली होती. घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, हे तिच्या एकटीने येण्यावरूनच कळत होतं.

तिने एकेकाकडे बोट दाखवलं. कोणी दार ढकललं, कोणी फरफटत आणलं, ते सांगितलं; पहिलवानाला मात्र तिने नुसतं गर्दीत पाहिलं होतं. शेवटी तिची नजर मामावर आली. "पहिला दगड ह्याने उचलला," ती म्हणाली. "माझ्या पाठचा आहे. चालायला मीच शिकवलंय त्याला."

मामाने "ताई" एवढंच म्हटलं. तेही फक्त मलाच ऐकू आलं असावं.

आरोपींचे वकील उठले. आवाजात मध घालून त्यांनी विचारलं, की बाई, हे सगळं तुमच्या मुलीच्या मायेपोटीच झालं ना?

"माझ्या मुलीला शोधायला कोणीच गेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "सगळे मारायला गेले होते."

मागच्या बाकावरून धारवाल्याची बायको उठली. पट्टेवाला तिला बसवायला धावला, पण न्यायाधीश बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"ह्यांना वकील दिलेत," ती म्हणाली. "ह्यांचं रोज ऐकून घेताय. माझ्या माणसाला कोणी एक शब्द तरी विचारला का?"

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "नाही विचारला," त्या म्हणाल्या. "तोच तर गुन्हा आहे. म्हणूनच ह्यांना विचारल्याशिवाय मी शिक्षा देणार नाही."

निकालाच्या दिवशी बाहेर घोषणा चालू होत्या. आत तिघांना तुरुंगवास झाला. त्यांत फौजदारही होता. पहिलवान सुटला, कारण तो फक्त गर्दीत होता की त्याने हात उचलला, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. धारवाल्याच्या बायकोला ते पटलं नसावं. जाताना ती मुलीच्या आईपाशी क्षणभर थांबली. पुढे तिने नवऱ्याचं चाक स्वतः चालवायला घेतलं. न्यायालयाच्या खिडकीखालून ते फिरायचं तेव्हा आतल्या कारकुनांच्या माना खाली जात.

आता न्यायालयाची नवी इमारत झाली आहे. मी मागच्या कोठारात आहे. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत, कठड्याला वाळवी लागली आहे. त्याचं मला दुःख नाही. लाकूड कधीतरी मातीत जायचंच. पण भिंतीपलीकडे चहा पिणारे लोक बोलतात ते ऐकू येतं. कोणी म्हणतं, खटले कशाला चालवायचे, अशांना तिथल्या तिथे संपवायला हवं. बाकीचे माना डोलावतात. तेव्हा माझी फळी कळ लागल्यासारखी करकरते, आणि वाटतं, पायरीवर आणखी एक पाऊल येऊन थबकलं.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, संग्रहालयात ठेवू नका. कायद्याला मात्र जपा. तो पुस्तकात सुरक्षित असतो; चौकात त्याला माणसं लागतात. कधी तुमच्या भोवतीची माणसं एकाच आवाजात ओरडू लागली, तर तुम्ही एवढंच विचारा: "त्याचं म्हणणं ऐकलं का?" तुमचा आवाज कापेल. कापू द्या. त्या संध्याकाळी ठाण्यासमोर असा एक जरी कापरा आवाज उठला असता, तर तो धारवाला आज म्हातारा झाला असता.